प्रार्थना केली की सामना जिंकतोच का? आपल्या हॉलमध्ये दाखवल्या जाणाऱ्या ख्रिस्ती चित्रपटांबद्दल

नेरूळ_सेक्टर_वीस (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर शुक्रवारी संध्याकाळी चित्रपट दाखवतात. गेल्या शुक्रवारी ‘फेसिंग द जायंट्स’ होता, २००६चा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक. संघ हरतोय, गाडी बंद पडतेय, नोकरी जाण्याच्या बेतात, आणि लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नाही. तो गुडघे टेकतो, देवाला शरण जातो. मग संघ राज्याचं विजेतेपद मिळवतो, कुणीतरी नवी गाडी देतं आणि बायकोला दिवस जातात.

माझ्या शेजारी माझी वहिनी बसली होती. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. उपास, प्रार्थना, डॉक्टर, सगळं करून झालंय. चित्रपटात एक प्रसंग आहे. तपासणीत पुन्हा ‘नाही’ असं उत्तर येतं आणि ती बाई दवाखान्याबाहेर पार्किंगमध्ये रडत म्हणते, प्रभू, तरीही मी तुझ्यावर प्रेम करीन. मी वहिनीकडे पाहिलं. ती खुर्चीत पुढे सरकून बघत होती. इतकी वर्षं जे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, ते पडद्यावर कुणीतरी बोलत होतं. आणि लगेच दवाखान्यातून नर्स धावत आली: कागदांची अदलाबदल झाली, तुम्हाला दिवस गेलेत! हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वहिनी उठली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली. मी मागोमाग गेलो तर एवढंच म्हणाली, “चल, भाकऱ्या टाकायच्यात.”

मला त्या चित्रपटाच्या गरिबीबद्दल काही म्हणायचं नाही. एक लाख डॉलरमध्ये एका चर्चच्या सभासदांनी तो केला, अभिनयाला बहुतेक चर्चमधलेच स्वयंसेवक. त्याबद्दल आदरच आहे. माझं म्हणणं त्या धावत आलेल्या नर्सबद्दल आहे. अर्धा मिनिटसुद्धा त्या बाईला तिच्या विश्वासाबरोबर एकटं राहू दिलं नाही. आपले चित्रपट रिकाम्या ओंजळीला इतके का घाबरतात? खुद्द आपल्या प्रभूने क्रूसावर विचारलं, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने तो प्रश्न तसाच ठेवला, त्याला लगेच उत्तर जोडलं नाही.

मंडळींना काय वाटतं? मोकळेपणाने लिहा.

---

ऐरोलीची_मावशी

जय ख्रिस्त भाऊ. तुमच्या वहिनीसाठी आजच प्रार्थना केली. पण तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही.

एक तर त्याच चित्रपटात तो प्रशिक्षक पोरांना काय शिकवतो, ते तुम्ही सोडून दिलंत. जिंकलो तरी देवाची स्तुती करू, हरलो तरी करू. हाच तर संदेश आहे. दुसरं, सगळं गमावलेल्या ईयोबाचं काय? बेचाळिसाव्या अध्यायात त्याला सगळं दुप्पट परत मिळालं की नाही? मेंढरं, उंट दुप्पट, आणि मुलंबाळंही पुन्हा. मग पवित्र शास्त्रालाही म्हणणार का, शेवटी नर्स धावत आली म्हणून?

आता माझी साक्ष. माझे मालक दारू प्यायचे. २०११ साली आमच्या मंडळीत ‘फायरप्रूफ’ दाखवला. त्यात आगीच्या बंबावरचा एक अधिकारी असतो, घर मोडायला आलेलं असतं, मग चाळीस दिवस तो बायकोशी रोज एक चांगली गोष्ट करत जातो. मालक त्या रात्री घरी येऊन काहीच बोलले नाहीत. दोन दिवस तसेच गप्प. तिसऱ्या दिवशी मला न सांगता त्यांनी भांडी घासली. लग्नानंतर पहिल्यांदा! पुढे सुटायला वर्ष लागलं, पण सुरुवात तिथून झाली. अभिनय लाकडासारखा असेल, कॅमेरा हलत असेल. मला त्यातलं कळत नाही. माझ्या घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवसभर राबून आलेल्या माणसाला सरळ, सोपी गोष्ट लागते. कोड्यात बोलणारा चित्रपट पाहून कुणी दारू सोडत नाही.

---

कात्री_आणि_पडदा

मी मालिकांचं संकलन करतो, घोडबंदर रोडला. मावशी, तुमची साक्ष मी खाली पडू देणार नाही. पण तुमच्या घरात जे काम केलं ते त्या चित्रपटाच्या एका चांगल्या गोष्टीने केलं: चाळीस दिवस, रोज एक काम. बघणाऱ्याला हाताशी धरता येईल अशी कृती. भाषणाने मालकांनी भांडी घासली नसती.

आणि आमच्याकडे भाषणच जास्त असतं. मी हे चित्रपट कामाच्या नजरेने पाहतो तेव्हा एक गोष्ट दर वेळी खटकते. पात्र बोलायला तोंड उघडायच्या आत पियानो सुरू होतो. म्हणजे दिग्दर्शकाचा बघणाऱ्यावर विश्वास नाही, तो स्वतः रडेल असं त्याला वाटतच नाही. पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत, पहिल्या रांगेतल्या लोकांशी बोलतात. घरात नवरा-बायको भांडताना वचनं अध्याय-ओवीसकट म्हणतं का कुणी?

त्याहून वाईट म्हणजे विश्वास न ठेवणारा माणूस. ‘गॉड्ज नॉट डेड’ (२०१४) आठवा. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक वर्गातल्या मुलांकडून ‘देव मेला आहे’ असं लिहून घेतो. एक विद्यार्थी त्याला वादात हरवतो आणि शेवटी तो प्राध्यापक रस्त्यात गाडीखाली सापडतो, मरता मरता पश्चात्ताप करतो. वीस लाख डॉलरमध्ये केलेल्या त्या चित्रपटाने सहा कोटींच्या वर मिळवले. पण मी ज्या नास्तिकांबरोबर रोज काम करतो त्यांतला एकही असा नाही. माझी आई आयसीयूमध्ये होती तेव्हा ज्याने तीन रात्री माझ्या जागी बसून भाग पूर्ण केले, तो देव मानत नाही. त्याला मी हा चित्रपट कुठल्या तोंडाने दाखवू?

उलट उदाहरण देतो. १९६४ साली पासोलिनी नावाच्या इटालियन दिग्दर्शकाने मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. माणूस नास्तिक, मार्क्सवादी. येशूचं काम एका विद्यार्थ्याने केलं, बाकी बहुतेक चेहरे गावातलेच, वृद्ध मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई. संवाद मत्तयाचेच. १९९५ साली व्हॅटिकनने महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तिच्यात तो आहे. विश्वास नसलेल्याने तो आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे केला, हे मला टोचतं.

---

ऐरोलीची_मावशी

भाऊ, इटालियन चित्रपट आणि तोही काळा-पांढरा, आमच्या मंडळीत कोण बघणार? म्हाताऱ्या बायका खालची अक्षरं वाचणार का? हे तुमच्या कामातल्या लोकांचं झालं. चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलं मांडीवर असतात.

---

तलावपाळी_ठाणे

मी ठाण्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातला, वय अडुसष्ट. आमचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च तलावपाळीला, पोर्तुगीजांच्या वेळचं. मी कॅथलिक आहे, तुमच्यातले काही शब्द वेगळे, पण हॉल आणि प्रोजेक्टर सगळीकडे सारखाच.

मावशींच्या बाजूने एक सांगतो. आमच्या लहानपणी-तरुणपणी ‘दया सागर’ आला. मुळात तेलुगू, १९७८चा, ‘करुणामयुडु’. त्यातला येशू आपल्यासारखा दिसायचा, आपल्यासारखा चालायचा. क्रूसाच्या वाटेचा भाग आला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या, हिंदू शेजारणीसुद्धा. नंतर ‘जीझस’ (१९७९) पाहिला, लूकच्या शुभवर्तमानावरचा, दोन हजारांहून जास्त भाषांत गेलेला. तो नीटनेटका आहे, पण पाठ वाचून दाखवल्यासारखा. ‘दया सागर’मध्ये रंग भडक, दाढी चिकटवलेली, तरी जीव होता. तेव्हा कात्रीवाले भाऊ, कसब म्हणजे फक्त कमी पियानो असं नाही. आपल्या मातीतल्या माणसाला रडायला लाज वाटत नाही, आणि पडद्यालाही वाटू नये.

पण धागाकर्त्याच्या बाजूनेही बोलतो. अमेरिकेतला फुटबॉल आमच्या हॉलमध्ये कशासाठी? आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का? आता ऐका, याच ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. हा दिमित्री आर्मेनियातला की जॉर्जियातला यावर लोक वाद घालतात, पण दुभाष्याचं काम तो करायचा. जॉर्डानस नावाच्या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्याला, आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन पुरलं. पुढे ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. ठाणे खाडी ते चीन! यावर एक चित्रपट नाही. आमच्या पोरांना सिएना माहीत नाही आणि ठाणंही माहीत नाही.

आणि एक आठवण करून देतो. १९१०-११च्या सुमाराला दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनीच पुढे लिहिलं. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे मराठी माणसाच्या चित्रपटाची ठिणगी आपल्या प्रभूच्या चित्रपटातून पडली. आणि आज शंभर वर्षांनी मराठी ख्रिस्ती माणूस उसना फुटबॉल बघतोय. याचं मला फार वाईट वाटतं.

---

कोपरखैरणे_युवा

काका, मान ठेवून सांगतो, १३२१च्या गोष्टीची मला भीती वाटते. ते चौघे तेव्हाच्या काझीपुढे उभे राहिले आणि शहराच्या अधिकाऱ्याच्या हुकमाने मारले गेले. आज तो चित्रपट काढला तर कोण टाळ्या वाजवेल आणि कशासाठी, हे तुम्हालाही दिसतंय. माझा जवळचा मित्र मुंब्र्याचा आहे, मुसलमान. हुतात्म्याच्या गोष्टीतून शेजारी खलनायक झाला तर तो आपला संदेश राहिला का?

---

तलावपाळी_ठाणे

बाळा, बरोबर विचारलंस. मी हुतात्म्यांचा विचार केला होता, तुझ्या मित्राचा नव्हता. पण गोष्ट कुठून सांगायची यावर ते आहे. ओदोरिकच्या वृत्तांतात तर दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्यालाच मृत्युदंड दिल्याचं लिहिलंय. आणि मला विचारशील तर मी ती गोष्ट तलवारीवर सुरू करणार नाही, जॉर्डानसवर करीन. चौघे सोबती गेलेत, परका मुलूख, भाषा अर्धवट, आणि एकटा माणूस ठाण्याहून सोपाऱ्याकडे देह घेऊन निघालाय. त्याला वाटेत कुणी मदत केली असेल? कुणी पाणी दिलं असेल? तिथे चित्रपट आहे.

---

घणसोली_मदतकेंद्र

मी बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. संदेशाबद्दल चाललंय म्हणून ‘वॉर रूम’बद्दल (२०१५) लिहिणं भाग आहे, कारण तो आपल्या मंडळ्यांत बायकांच्या सभेत फार दाखवतात. त्यात एक आजी तरुण बाईला शिकवते की नवऱ्याशी भांडू नकोस, तो तुझा शत्रू नाही, सैतान शत्रू आहे. कपडे ठेवायची खोली रिकामी कर आणि तिथे बसून प्रार्थना कर. नवरा सुधारतो.

चित्रपटातला नवरा हात उचलत नाही. तो तुसडा आहे, दुसऱ्या बाईच्या मागे आहे, कामावर चोरी करतो, पण मारत नाही. समोर बसलेल्या चाळीस बायकांपैकी काहींचा नवरा मारतो. त्यांना घरी जाताना काय ऐकू येतं? की मी अजून पुरेशी प्रार्थना केलेली नाही. माझ्याकडे एक बाई आली होती, दंडावर वळ. म्हणाली, ताई, मी खोली केली आहे, पण आमची वन रूम किचन, म्हणून मोरीत बसते. मला रात्रभर झोप लागली नाही. प्रार्थना माझीही आहे, रोजची आहे. पण त्या गोष्टीत एकही माणूस तिला म्हणत नाही की आधी सुरक्षित जागी जा.

---

ऐरोलीची_मावशी

ताई, हे वाचून मी फोन खाली ठेवला होता. आता लिहिते.

वर मी साक्ष दिली त्यात एक गोष्ट गाळली. माझ्यावर हात उचलला जायचा. ‘फायरप्रूफ’च्या सहा महिने आधी माझा भाऊ जालन्याहून आला, मला आणि मुलांना घेऊन गेला, आणि पाळकसाहेबांसमोर मालकांना बसवून सांगितलं की पुन्हा झालं तर पोलीस. मारणं थांबलं ते तेव्हा. दारू सुटली ती चित्रपटानंतर. मंडळीत साक्ष देताना मी नेहमी चित्रपटच सांगते, भावाचं सांगत नाही. तसं सांगितलं की देवाचं नाव होतं, असं मला वाटत आलं. भावालाही देवानेच पाठवलं होतं की.

तरी माझं मत बदललेलं नाही. त्या चित्रपटाने आमच्या घरात काम केलं. एवढंच की एकट्याने केलं नाही.

---

कात्री_आणि_पडदा

मावशी, तुम्ही आत्ता सांगितलीत ती गोष्ट मी या सगळ्या चित्रपटांपेक्षा आधी पाहीन. जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला भाऊ.

---

खारघर_टेकडी

मी ख्रिस्ती नाही, माहेर वारकरी. मैत्रिणीने हा धागा पाठवला. चालत असेल तर थोडं लिहिते.

भक्तिपट आणि दर्जा यांचं वाकडं आहे असं वर काही जणांच्या बोलण्यात येतंय. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा, दामले-फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आणि तो पूर्ण श्रद्धेने केलेला आहे, शेवटी विमान येतं, तुकोबा वैकुंठाला जातात. मग तो आजही का धरून ठेवतो? माझ्या मते आवलीमुळे. चित्रपटात तिला जिजाई म्हणतात. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा भजनात. ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन थेट विठोबाच्या देवळात जाते. देवाला मारायला! तिचा राग चित्रपटाने कुठेही हलका केलेला नाही. तिला मूर्ख ठरवलं नाही, शेवटी शिक्षा दिली नाही. माझी आजी तुकोबांना हात जोडायची आणि आवलीची वाक्यं म्हणायची.

तुमच्या त्या प्राध्यापकाच्या जागी आवली ठेवून बघा.

---

नेरूळ_सेक्टर_वीस (धागाकर्ता)

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचल्यावर मला आमच्या लक्ष्मीबाई आठवल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला, लक्ष्मीबाईंना, विचारलंसुद्धा नव्हतं. लक्ष्मीबाई चिडल्या, रडल्या, कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. सोवळं-ओवळं सुटता सुटेना. पुढे त्या स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याला काहीही सूट न देता ते सगळं लिहून ठेवलं. आमच्या घरातली आवली आम्हालाच आठवत नाही. मावशी, ईयोबाबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे, शेवटी दुप्पट मिळालं. पण मधले अडतीस-एकोणचाळीस अध्याय तो देवाशी भांडतो आणि मित्रांची शहाणपणाची भाषणं ऐकतो, आणि शेवटी देव रागावतो ते त्या मित्रांवर. आमच्या चित्रपटांत पहिले दोन अध्याय असतात आणि बेचाळिसावा.

---

कोपरखैरणे_युवा

दादा, मधले अध्याय दाखवायला आम्ही का घाबरतो, ते कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. महाराष्ट्रात आपण एक टक्काही नाही. ‘गॉड्ज नॉट डेड’ जिथे बनला तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, तरी तिथे छळाची गोष्ट खपते. इथे आमच्या युवा संघाने नाताळात चौकात पथनाट्य करायचं ठरवलं तर आधी दोन तास चर्चा होते की कुणी धर्मांतराचा आरोप केला तर काय. अशा वेळी शंका दाखवली तर लोक हसतील, आणि श्रद्धा दाखवली तर संशय घेतील. मग अमेरिकेतला चित्रपट लावणं सोपं. त्यात आपण कुठेच नसतो.

पण एक सांगतो. २०२३चा ‘द फेस ऑफ द फेसलेस’ मी पाहिला, सिस्टर राणी मारियांवरचा. मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायच्या, १९९५ साली इंदूरजवळ बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकरी समंदर सिंग तुरुंगात असताना त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, जाऊन त्याला राखी बांधली. तो पुढे त्यांच्या घरी गेला. क्षमा म्हणजे काय यावर मी शंभर प्रवचनं ऐकली असतील. राखी मला कुठल्याही अमेरिकन चित्रपटात दिसली नसती. आणि ती राखी पाहून कुणी धर्मांतराचं बोलणार नाही, निदान बोलताना अडखळेल.

आम्ही सातजण आहोत, सगळे वीस-बावीसचे. मोबाइलवर दहा मिनिटांचं काहीतरी करावं असं या धाग्यावरून वाटायला लागलंय. मावशी, रात्रीच्या गाडीने आलेला भाऊ आम्हाला द्याल का? नावगाव बदलू.

---

ऐरोलीची_मावशी

भावाला विचारते. मालकांनाही विचारायला हवं. ते हो म्हणतील असं वाटत नाही, पण विचारते. आणि शेवटी प्रार्थना हवीच हं, ती काढू नका.

---

कात्री_आणि_पडदा

प्रार्थना ठेवू, पियानो नको. पोरांनो, आवाज आधी बघा. मोबाइलचं चित्र चालून जातं, आवाज फसला की सगळं हौशी वाटतं. सायन-पनवेल हायवेच्या बाजूचा हॉल घेऊ नका, ट्रकच ऐकू येतील. कॉलर माइक माझ्याकडे दोन आहेत. रविवारी उपासना सुटल्यावर मला फोन करा.

---

नेरूळ_सेक्टर_वीस (धागाकर्ता)

वहिनीला सगळा धागा वाचून दाखवला. जालन्याच्या भावापाशी आल्यावर तिने पोळीचं पीठ तसंच ठेवलं आणि ऐकत बसली. या शुक्रवारी येणार का विचारलं तर म्हणाली, कुठला आहे ते आधी सांगा.